इन्फिनिटिव्ह आणि पार्टिसिपल ओळखायला शिकवणारा नाशिकमधला एक वर्ग

नाशिकमध्ये इंग्रजीच्या शिकवण्यांची वानवा नाही. कॉलेज रोडपासून गंगापूर रोडपर्यंत आणि तिकडे नाशिकरोडलाही जवळजवळ प्रत्येक चौकात ‘स्पोकन इंग्लिश’ची एखादी पाटी दिसतेच. बोलण्याची भीती घालवण्याचे काम यांपैकी काही वर्ग चांगले करतात. परंतु एखादे वाक्य समोर ठेवून त्यातला कोणता शब्द कोणते काम करतो आहे हे शांतपणे दाखवून देणारी जागा विरळाच. कॅनडा कॉर्नरपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, एक सेवानिवृत्त शिक्षिका असा वर्ग चालवतात. वर्गाला पाटी नाही, जाहिरात नाही. आसपासचे लोक त्याला ‘बाईंचा व्याकरणाचा वर्ग’ एवढेच म्हणतात. इंग्रजी व्याकरणाचे एकेक प्रकरण स्वतंत्र छोटा अभ्यासक्रम म्हणून शिकवण्याची येथे पद्धत आहे आणि त्यांपैकी ‘इन्फिनिटिव्ह आणि पार्टिसिपल (म्हणजे क्रियापदाचीच, पण काळ न दाखवणारी रूपे) ओळखणे’ हा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. हे परीक्षण त्या एका अभ्यासक्रमापुरतेच आहे.

माझी भाची बारावीला आहे. तिच्यासाठी चौकशी करायला गेले असता, नोकरदार मंडळींसाठी रविवारी सकाळी वेगळी बॅच असते असे कळले आणि मीही नाव घातले. माझी नोकरी पिंपळगाव परिसरातल्या द्राक्षनिर्यातीच्या व्यवसायात असून परदेशी खरेदीदारांशी इंग्रजी पत्रव्यवहार हा रोजच्या कामाचा भाग आहे. त्यामुळे भाचीला गुणांसाठी आणि मला कामासाठी, अशा दोन्ही बाजूंनी या वर्गाचा अनुभव घेता आला. रविवारच्या बॅचमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले दोन-तीन जण होते, एमपीएससीच्या गट ब आणि गट कच्या मुख्य परीक्षेची तयारी करणारी काही मुले होती आणि मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे एक शिक्षकही होते. इतक्या वेगवेगळ्या गरजा असलेल्या लोकांना एकाच फळ्यासमोर बसवणे सोपे नाही. बाईंनी ते निभावले, याचे श्रेय त्यांच्या पद्धतीला आहे.

ती पद्धत थोडक्यात अशी : वाक्यातले इन्फिनिटिव्ह किंवा पार्टिसिपल शोधायला सुरुवातच करायची नाही, आधी काळ दाखवणारे मुख्य क्रियापद शोधायचे. बहुतेक ठिकाणी नेमके याच्या उलटे शिकवले जाते. ‘टू अधिक व्ही-वन म्हणजे इन्फिनिटिव्ह, आयएनजी किंवा व्ही-थ्री म्हणजे पार्टिसिपल’ हे सूत्र पाठ करून घेतले जाते आणि मुले वाक्यात ‘टू’ किंवा ‘आयएनजी’ दिसताच पेन्सिलीने रेघ ओढून मोकळी होतात. सूत्र खोटे नाही, पण ते फक्त रूप सांगते, आणि इंग्रजीत एकच रूप अनेक कामे करते. म्हणून बाई फळ्यावर वाक्य लिहिल्यावर पहिला प्रश्न नेहमी एकच विचारतात : हे वाक्य काल घडले असे सांगायचे झाले, तर यातला कोणता शब्द बदलेल?

वर्गात ज्या वाक्याने सुरुवात झाली ते सविस्तर देण्यासारखे आहे. ‘पीपल लिव्हिंग इन अदर स्टेट्स कम टू रामकुंड टू टेक अ होली डिप.’ परराज्यांत राहणारे लोक पवित्र स्नान करायला रामकुंडावर येतात. हेच कालचे करा. ‘कम’चे ‘केम’ होते. ‘लिव्हिंग’ जागचे हलत नाही आणि ‘टू टेक’ही हलत नाही. आता ‘पीपल’च्या जागी ‘अ मॅन’ ठेवा. ‘कम’चे ‘कम्स’ होते. बाकीची दोन रूपे तशीच राहतात. म्हणजे काळ आणि कर्ता या दोहोंच्या तालावर जो शब्द बदलतो तो ‘कम’ आणि तेच मुख्य क्रियापद. ‘लिव्हिंग’ आणि ‘टू टेक’ ही धातूपासूनच आली आहेत, त्यांच्यात क्रिया आहे, ‘टू टेक’ला तर स्वतःचे कर्मही आहे, पण काळाचे ओझे त्यांच्या खांद्यावर नाही. हे एकदा वेगळे काढले की पुढचे काम फक्त वाटणीचे उरते. ‘लिव्हिंग’ हे ‘पीपल’विषयी माहिती देते, म्हणून ते विशेषणाचे काम करणारे पार्टिसिपल. ‘टू टेक’ हे येण्याचा हेतू सांगते, म्हणून क्रियाविशेषणाचे काम करणारे इन्फिनिटिव्ह. आणि याच वाक्यात ‘टू रामकुंड’ असा आणखी एक ‘टू’ आहे, ज्याच्यापुढे क्रियापद नसून नाम आहे; तो केवळ दिशा दाखवणारा शब्द. या एका वाक्यावर जवळजवळ निम्मा तास गेला आणि तो सार्थकी लागला, असे मला मनापासून वाटते.

या ‘टू’च्या दोन रूपांबद्दल बाईंनी जी कसोटी दिली, ती माझ्या दृष्टीने अभ्यासक्रमातली सर्वांत उपयोगाची गोष्ट. ‘टू’च्या पुढचे क्रियापद काढून तेथे साधे नाम ठेवून पाहायचे. ‘वुई वॉन्ट टू रिसीव्ह’ यात ‘टू’नंतर ‘युअर लेटर’ ठेवले तर वाक्य मोडते, म्हणून तो इन्फिनिटिव्हचा ‘टू’. ‘वुई लुक फॉरवर्ड टू’ यापुढे मात्र ‘युअर लेटर’ बिनदिक्कत बसते. तेव्हा तो शब्दयोगी ‘टू’ आहे आणि त्याच्यापुढे क्रियापद ठेवायचे असेल तर ते ‘रिसीव्हिंग’ असेच ठेवावे लागते. नाशिक जिल्ह्यातून परदेशी जाणाऱ्या व्यापारी पत्रांत ‘लुक फॉरवर्ड टू रिसीव्ह’ ही रचना किती सर्रास आढळते, हे या व्यवसायातल्या कोणालाही सांगायला नको. ‘यूज्ड टू’ची गोष्टही हीच. ‘ही यूज्ड टू लिव्ह इन पंचवटी’ म्हणजे तो पूर्वी पंचवटीत राहत असे, आणि ‘ही इज यूज्ड टू लिव्हिंग इन पंचवटी’ म्हणजे त्याला पंचवटीत राहण्याची सवय आहे. पहिल्यात इन्फिनिटिव्ह आहे, दुसऱ्यात नाही, आणि दोन्हींचे अर्थ एकमेकांपासून कोसभर लांब आहेत.

‘टू’ नसलेल्या इन्फिनिटिव्हचा भागही नीट हाताळला गेला. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांच्यामागून येणारे मूळ रूप हेही इन्फिनिटिव्हच, हे अनेकांना नव्याने कळले. ‘मेक’, ‘लेट’, ‘सी’, ‘हिअर’ या क्रियापदांनंतर कर्म आले की पुढे ‘टू’ येत नाही : ‘मदर मेड हिम वॉश द प्लेट्स.’ परंतु हेच वाक्य कर्मणी केले की लपलेला ‘टू’ बाहेर येतो : ‘ही वॉज मेड टू वॉश द प्लेट्स.’ प्रयोग बदलण्याच्या प्रश्नात मुलांचे गुण जातात ते बहुधा याच ठिकाणी, आणि बाईंनी ते आवर्जून घोटून घेतले. ‘हेल्प’नंतर ‘टू’ ठेवला तरी चालतो आणि गाळला तरी चालतो, हे सांगून त्या पुढे गेल्या.

बारावीच्या पेपरात ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा, असा जो ठरलेला प्रश्न येतो, तो येथे निराळ्या प्रकारे शिकवला जातो. तेथला ‘टू’ म्हणजे ‘प्रमाणाबाहेर’ या अर्थाचा, इन्फिनिटिव्हचा नव्हे. मात्र त्याच्या पाठीमागे इन्फिनिटिव्ह असतेच. ‘द क्रेट इज टू हेवी टू लिफ्ट’ याचे ‘द क्रेट इज सो हेवी दॅट नोबडी कॅन लिफ्ट इट’ होते. भाचीने हे रूपांतर शाळेत शंभरदा केले असेल, पण शेवटी ‘इट’ कोठून आले हे तिला कोणी सांगितले नव्हते. ‘टू लिफ्ट’चे कर्म वाक्याच्या सुरुवातीलाच क्रेट म्हणून येऊन बसलेले असते, त्यामुळे तेथे पुन्हा सांगावे लागत नाही, ‘दॅट’ने नवे उपवाक्य सुरू झाले की त्या उपवाक्याला स्वतःचे कर्म लागते. एवढे समजल्यावर तिच्या उत्तरांतून ‘इट’ गळणे थांबले.

नाम, विशेषण आणि क्रियाविशेषण या इन्फिनिटिव्हच्या तिन्ही कामांपैकी विशेषणाचे काम बाईंनी मराठीच्या आधाराने शिकवले. ‘राहायला घर’, ‘बसायला खुर्ची’, ‘लिहायला पेन’ असे आपण सहज म्हणतो, आणि म्हणून इंग्रजीतही ‘अ हाउस टू लिव्ह’ म्हणून थांबतो. इंग्रजीला मात्र घरात राहायचे असते, खुर्चीवर बसायचे असते, पेनाने लिहायचे असते. ‘अ हाउस टू लिव्ह इन’, ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘अ पेन टू राइट विथ’. शेवटचा तो छोटा शब्द गाळला की वाक्य लंगडे पडते. मराठी माणसाकडून तो शब्द का सुटतो याचे कारण सांगणारी शिकवणी मी याआधी पाहिली नव्हती.

पार्टिसिपलचा भाग हा या अभ्यासक्रमाचा गाभा आहे आणि त्यावर अधिक वेळ दिला गेला हे योग्यच झाले. पहिली अडचण व्ही-टू आणि व्ही-थ्रीची. नियमित क्रियापदांत ही दोन्ही रूपे सारखी असतात, त्यामुळे ‘द ग्रेप्स पॅक्ड ॲट पिंपळगाव रीच्ड द पोर्ट ऑन मंडे’ यासारख्या वाक्यात वाचणारा ‘पॅक्ड’लाच मुख्य क्रियापद समजून पुढे जातो आणि ‘रीच्ड’पाशी अडखळतो. यावर बाईंचा उपाय साधा आहे. शंका आली की त्या जागी अशी क्रिया ठेवायची, जिची दोन रूपे वेगळी आहेत. ‘टेक’ घेतले तर ‘पॅक्ड’च्या जागी ‘टेकन’ बसते, ‘टुक’ बसत नाही. ‘द ग्रेप्स टेकन टू पिंपळगाव रीच्ड द पोर्ट’. ज्याअर्थी व्ही-थ्री बसते, त्याअर्थी ते पार्टिसिपल. व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्रीचे तक्ते आपल्याकडे लहानपणापासून घोकून घेतले जातात. त्या पाठांतराचा असा उपयोग होऊ शकतो हे पाहून वर्गातल्या शिक्षकांनी लगेच वहीत टिपून घेतले. दुसरी कसोटी म्हणजे मध्ये ‘व्हिच वेअर’ घालून पाहणे : ‘द ग्रेप्स व्हिच वेअर पॅक्ड’ अर्थाला धरून आहे, ‘व्हिच वेअर रीच्ड’ला अर्थ नाही. लासलगावच्या कांद्याच्या लिलावाची, दिंडोरीच्या टोमॅटोची अशी बरीच वाक्ये या कसोट्यांवर तपासून घेतली गेली.

त्यानंतर जो भाग आला, तो मला सर्वांत मोलाचा वाटला. मराठीतील ‘-लेला’ म्हणजे इंग्रजीतील व्ही-थ्री आणि ‘-णारा’ म्हणजे आयएनजी, असे समीकरण आपण मनाशी धरून चालतो. पुष्कळ ठिकाणी ते जुळते. ‘विकलेला कांदा’ हा ‘सोल्ड’, ‘गळलेली पाने’ ही ‘फॉलन लीव्ह्ज’, ‘वाहणारे पाणी’ हे ‘रनिंग वॉटर’. परंतु ‘खुर्चीवर बसलेला माणूस’ हा इंग्रजीत ‘द मॅन सिटिंग ऑन द चेअर’ असतो. ‘झोपलेले मूल’ हे ‘अ स्लीपिंग चाइल्ड’ असते. ‘पैठणी नेसलेली बाई’ ही ‘अ वुमन वेअरिंग अ पैठणी’ असते. मराठी भाषा बसण्याची, झोपण्याची, नेसण्याची क्रिया होऊन गेली असे मानते आणि तिच्यातून आलेली स्थिती सांगते. इंग्रजी तीच स्थिती अजून चालू आहे असे धरून आयएनजी वापरते. म्हणून मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणारा माणूस येथे व्ही-थ्री घालतो आणि वाक्य बिघडते. बाईंनी अशा क्रियांची एक यादीच करून घेतली : बसणे, झोपणे, उभे राहणे, टेकणे, लटकणे, घालणे, नेसणे. पंचवटीतल्या गर्दीचे वर्णन करायला सांगितले आणि प्रत्येकाच्या वाक्यात ओट्यावर बसलेले, भिंतीला टेकलेले, फेटा बांधलेले लोक आले, तेव्हा ही यादी कशासाठी होती ते सर्वांच्या ध्यानात आले. फेटा बांधलेला माणूसही इंग्रजीत ‘वेअरिंग अ टर्बन’ असाच होतो.

‘बोरिंग’ आणि ‘बोअर्ड’, ‘इंटरेस्टिंग’ आणि ‘इंटरेस्टेड’ ही जोडी अर्थातच आली; ती बहुतेकांना ठाऊक होती आणि त्यावर रेंगाळण्याची गरज नव्हती.

आयएनजीच्या बाबतीत गोंधळ होतो तो जेरंडशी, म्हणजे नामाचे काम करणाऱ्या आयएनजी रूपाशी. बाईंनी येथे विस्तार करून पाहण्याची युक्ती दिली. ‘रनिंग ट्रेन’ म्हणजे जी धावते आहे अशी गाडी, म्हणून ‘रनिंग’ पार्टिसिपल. ‘वेटिंग रूम’ म्हणजे जी वाट पाहते आहे अशी खोली नव्हे, वाट पाहण्यासाठीची खोली. म्हणून ‘वेटिंग’ जेरंड. ‘वॉशिंग मशीन’, ‘ड्रिंकिंग वॉटर’ हीदेखील याच दुसऱ्या गटातली. उच्चारातही फरक असतो, ‘वेटिंग रूम’ म्हणताना जोर पहिल्या शब्दावर येतो, हे त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले. मुळात एकाच रूपाकडे ही दोन कामे कशी आली, असा प्रश्न एका मुलाने विचारला, तेव्हा बाई फळा पुसता पुसता थांबल्या आणि त्यांनी सांगितले की जुन्या इंग्रजीत ही दोन वेगळी रूपे होती. पार्टिसिपलला ‘-एन्डे’ असा प्रत्यय लागत असे आणि क्रियावाचक नामाला ‘-उंग’ किंवा ‘-इंग’. पुढे मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात दोन्ही एकमेकांत मिसळून ‘-इंग’ हे एकच रूप उरले. इन्फिनिटिव्हचा ‘टू’ हाही मुळात दिशा आणि हेतू दाखवणारा शब्दयोगी ‘टू’च होता. अभ्यासक्रमात नसलेली ही माहिती परीक्षेत कोणी विचारणार नाही, पण ती ऐकल्यावर नियम आकाशातून पडल्यासारखे वाटत नाहीत. आणखी एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली : अलीकडचे काही इंग्रजी व्याकरणकार जेरंड आणि पार्टिसिपल असा भेदच मानत नाहीत, दोन्हींना एकच नाव देतात, मात्र आपल्या परीक्षा तो भेद मानतात, म्हणून तो शिकायचा.

इन्फिनिटिव्ह आणि आयएनजी समोरासमोर ठेवून अर्थ तपासण्याचा तासही चांगला झाला. ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ म्हणजे तो चहा पिण्यासाठी थांबला आणि ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे त्याने चहा सोडला. ‘आय सॉ हिम क्रॉस द ब्रिज’ म्हणजे त्याने पूल पूर्ण ओलांडलेला मी पाहिला आणि ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द ब्रिज’ म्हणजे तो पुलाच्या मध्ये कोठेतरी असताना माझ्या नजरेस पडला. मराठीत आपण दोन्हींसाठी सहसा ‘ओलांडताना पाहिले’ असेच म्हणून टाकतो, म्हणून हा फरक कानावरून निसटतो.

आता उणिवांविषयी. सर्वांत मोठी उणीव ही की कर्त्याशी न जुळणाऱ्या पार्टिसिपलचा भाग शेवटच्या तासात अक्षरशः उरकला गेला. ‘वॉकिंग अलाँग द गोदावरी, द टेंपल केम इनटू व्ह्यू’ या वाक्यात चालणारे देऊळ आहे असा अर्थ निघतो, हे एका उदाहरणात सांगून बाई पुढे गेल्या. वास्तविक मराठी लिहिणाऱ्याला याची सर्वाधिक गरज आहे. ‘गोदाकाठाने चालताना देऊळ दिसले’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे, कारण ‘-ताना’ या रूपाला पुढच्या कर्त्याशी बांधून घेतलेले नाही. कोण चालत होते ते ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीतले लेखी वळण मात्र सुरुवातीच्या पार्टिसिपलचा कर्ता आणि मुख्य वाक्याचा कर्ता एकच असावा अशी अपेक्षा धरते. ‘काम संपवून तो घरी गेला’ यातल्या ‘-ऊन’ला मराठीतही सहसा तोच कर्ता लागतो, त्यामुळे ‘हॅविंग फिनिश्ड द वर्क, ही वेंट होम’ येथे आपली चूक होत नाही. चूक होते ती ‘-ताना’पाशी. ‘-लेला’च्या बाबतीत ज्या बारकाईने दोन भाषा शेजारी ठेवल्या गेल्या, तशा येथेही ठेवल्या असत्या तर अभ्यासक्रम पूर्ण झाला असे म्हणता आले असते. आमच्यासारख्या पत्रव्यवहार करणाऱ्यांना ओळखण्याइतकेच लिहिणेही लागते, आणि लिहिताना खड्डा याच ठिकाणी आहे.

दुसरी उणीव सरावपत्रिकांची. त्या झेरॉक्सच्याही झेरॉक्स असाव्यात इतक्या फिकट आहेत, आणि काही पानांवर शेवटच्या ओळी कापल्या गेल्या आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांतली वाक्ये सुटी सुटी आहेत. फळ्यावरची वाक्ये गोदाकाठची, बाजार समितीतली, घरातली असतात आणि पत्रिकेत मात्र राजा, राजपुत्र आणि जंगल अशी जुन्या वळणाची वाक्ये येतात. सुटे वाक्य तपासणे वेगळे आणि सलग परिच्छेदात लपलेले इन्फिनिटिव्ह हेरणे वेगळे. वर्तमानपत्रातला एखादा उतारा किंवा एखादे खरे व्यापारी पत्र दिले असते, तर शिकलेल्या कसोट्या वापरून पाहता आल्या असत्या. मी हे बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी पुढच्या तासाला इंग्रजी दैनिकातले एक कात्रण आणले आणि तो तास अतिशय रंगला. पण ते मागितल्यावर मिळाले, मुळात योजलेले नव्हते. सरावाची उत्तरसूचीही दिली जात नाही. चुकले असेल तर वर्गातच चुकावे, असे त्यामागचे कारण त्यांनी सांगितले. ते पटण्यासारखे असले तरी एखादा तास बुडालेल्या माणसाला घरी पडताळून पाहण्याची सोय राहत नाही.

विद्यार्थ्यांच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये परीक्षा जवळ आली की गर्दी वाढते, असे भाचीचे म्हणणे आहे. रविवारच्या बॅचमध्ये प्रत्येकाला फळ्यापाशी बोलावून वाक्य सोडवायला लावले जाते. संध्याकाळी ते रोज शक्य होत नाही. मागच्या बाकांवरून फळ्याची डावी बाजू दिसत नाही, हेही खरे आहे. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही आणि गाडी लावायला जागा शोधावी लागते, तेव्हा शक्य असेल त्याने बसने यावे.

फीविषयी सांगायचे तर या एका अभ्यासक्रमाचे पंधराशे रुपये घेतले जातात आणि ते सुरुवातीला एकदम द्यावे लागतात. पहिला तास बसून पाहता येतो, त्याचे पैसे लागत नाहीत. भाचीने याआधी एका मोठ्या वर्गात वर्षभराची जी फी भरली होती, तिच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ वाटते, आणि त्या वर्गात हे संपूर्ण प्रकरण एका तासात, दोन व्याख्या आणि दहा उदाहरणे सांगून संपवले गेले होते. मोबाइलवरच्या ॲपनेही सराव करता येतो आणि तो फुकट असतो. परंतु उत्तर चुकले की ॲप लाल खूण दाखवून पुढचा प्रश्न टाकते. ‘झोपलेले मूल’ म्हणताना मराठी मनात काय घडते आणि त्यातून इंग्रजीत काय बिघडते, हे समोर बसलेला मराठी शिक्षकच सांगू शकतो.

हा वर्ग कोणासाठी आहे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मराठी माध्यमातून शिकलेला, मराठी व्याकरणातले नाम, विशेषण, क्रियाविशेषण, धातुसाधित हे शब्द थोडेफार आठवत असलेला आणि इंग्रजीत लिहावे लागणारा कोणीही येथे यावे. त्याला पहिल्या तासापासून आपलेपणा वाटेल. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठी उदाहरणे जड जातात. आमच्या बॅचमधला एक इंग्रजी माध्यमाचा मुलगा म्हणूनच मधूनच यायचा थांबला, आणि त्याच्यासाठी बाईंनी वेगळी वाट काढायला हवी होती असे मला वाटते. केवळ परीक्षेच्या आदल्या महिन्यात धावत येणाऱ्याला हा वर्ग संथ वाटेल, कारण बाई उत्तरापेक्षा कारण आधी मागतात : ‘पार्टिसिपल’ असे म्हटले की लगेच ‘कशावरून?’ असा प्रश्न येतो आणि कोणती कसोटी लावली ते सांगितल्याशिवाय उत्तर बरोबर धरले जात नाही. एमपीएससीची मुले सुरुवातीला यावर कुरकुर करत होती. दोन-तीन आठवड्यांनंतर तीच मुले पर्यायी उत्तरांच्या प्रश्नांत चुकीचे तीन पर्याय का चुकीचे आहेत हे आपणहून सांगू लागली.

माझ्या बाजूने शिफारस आहे, आणि ती सरावपत्रिका व शेवटचा तास यांबद्दलची तक्रार कायम ठेवून आहे. दहावी-बारावीच्या मुलांनी दिवाळीनंतरची बॅच धरण्याऐवजी जून-जुलैत सुरू होणारी धरावी. तेव्हा गर्दी कमी असते आणि फळ्यापाशी जाण्याची पाळी दर तासाला येते. नोकरदारांनी रविवारच्या बॅचला येताना आपल्या कार्यालयातले एखादे जुने इंग्रजी पत्र, त्यातली नावे झाकून, बरोबर आणावे. बाई ते नाकारत नाहीत, आणि त्या पत्रातल्या प्रत्येक ‘टू’ला आणि प्रत्येक आयएनजीला त्या ज्या बारकाईने प्रश्न विचारतात, तेवढ्यासाठीसुद्धा दुसऱ्या मजल्यापर्यंतचा तो जिना चढावा.